पूर्णांकन, दशांश संख्यांचे

दशांश चिन्हापुढचे जादा अंक काढून संख्या ठरावीक स्थळांवर आणणे. दुकानी भाषेत राउंड ऑफ. संगणकीय हिशोबात यात फरक दोन जागी पडतो: संख्या साठवताना, आणि नेमका अर्धा उरला की तो कोणाच्या पदरात टाकायचा हे ठरवताना. पहिला यंत्राचा स्वभाव आहे. दुसरा कायद्याचा किंवा कराराचा विषय. प्रोग्रॅमरने तो परस्पर मिटवू नये.

आधी साठवणीचे. नांदेड-लातूरचा मुलूख हैदराबाद संस्थानात होता तेव्हा तिथे संस्थानचा हाली सिक्का चाले आणि दर सात हालीला सहा कलदार (ब्रिटिश रुपये) असा होता. १०० हालीचे कलदार करायला बसले की ८५ रुपये ११ आणे ५ पै होत आणि वर पैचा सातवा हिस्सा उरे. दशांशात मांडले तर ८५.७१४२८५७१४२८५… असे न संपणारे शेपूट. सातने भागताना दशमानात जे होते तेच दहाने भागताना द्विमानात होते. म्हणून ०.१ ही साधी संख्या संगणकाच्या नेहमीच्या फ्लोट प्रकारात (आयईईई ७५४, १९८५) तंतोतंत मावत नाही आणि ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते. पायथनमध्ये २.६७५ दोन स्थळांवर आणा, २.६७ मिळेल. पूर्णांकन बरोबरच झालेले असते. साठवलेली संख्याच २.६७४९९९… अशी किंचित कमी असते.

अर्ध्याचा नियम काळानुसार बदललेला आहे. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे, दोन आणे १२.५. कायद्याने बरोबर अर्धा असेल तर खालचे नाणे धरायला सांगितले, म्हणून दोन आण्यांचे १२, सहा आण्यांचे ३७, दहा आण्यांचे ६२. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १७० याच्या उलट: ५० पैसे किंवा जास्त असतील तर रुपया वर. पूर्णांकन कोणत्या टप्प्यावर करायचे हेही तितकेच महत्त्वाचे. सोळा वेळा एकेक आण्याची खरेदी केली तर ९६ नवे पैसे पडत, एकदम रुपयाची केली तर १००. आजच्या बिलात दर ओळीला राउंड ऑफ करायचे की बेरजेला, हा वाद तोच.

मोंढ्यातली (धान्यबाजारातली) विक्रीची पट्टी घेऊ. समजा सोयाबीन १२.३५ क्विंटल, भाव ४,३५० रुपये; रक्कम ५३,७२२.५०. एक्सेलचे ROUND सूत्र ५३,७२३ देते. त्याच एक्सेलच्या मॅक्रोतले Round मात्र ५३,७२२ देते, कारण ते अर्धा आला की सम अंकाकडे झुकते. पायथन ३ चेही तसेच. ही ‘बँकर्स’ पद्धत मोठ्या बेरजांत एकतर्फी कल टाळते. संख्याशास्त्राला ती सोयीची, पण शेतकऱ्याला रुपया का कमी आला हे तिच्या आधाराने समजावता येत नाही. जावात आणखी एक खोच आहे: Math.round २.५ चे ३ करते आणि −२.५ चे −२. त्यामुळे विक्री आणि माल परत यांच्या नोंदी एकमेकींना रद्द करत नाहीत.

उपाय जुनाच आहे: पैशांचा हिशोब पूर्णांकात ठेवावा. वरचेच उदाहरण १,२३५ किलो गुणिले किलोला ४,३५० पैसे, म्हणजे ५३,७२,२५० पैसे. अपूर्णांक कुठेच नाही, आणि पूर्णांकन एकदाच, शेवटी. नाहीतर दशांश प्रकार वापरावेत: पायथनचा decimal, डेटाबेसमधला DECIMAL, जावाचा BigDecimal. हा शेवटचा ०.१ या फ्लोटवरून तयार केला तर मूळची खोट सोबत घेऊनच येतो. संख्या अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्यावी.

गुणांच्या बाबतीत वेगळा नियम पाळावा लागतो. जेईई मेनचा पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत काढतात तो बरोबरी टाळण्यासाठी. लातूरच्या क्लासच्या फलकावर तो दोन स्थळांवर लिहिला तरी बिघडत नाही. गुणवत्ता यादी मात्र पूर्णांकनाआधीच्या आकड्यावर लावायची असते.