एक सीडी, दोन कुलपं

आजची गोष्ट सीडीची. हसू नका, शेवटी यात माझीच चूक निघते.

2019 साल. माजिवड्यात आमच्या शेजारच्या काकूंचा लॅपटॉप सुरूच होईना. मी ड्रॉवरमधली जुनी लिनक्सची सीडी घातली. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर ती मस्त चालायची. इथे काहीच नाही! मी छाती ठोकून सांगितलं, "काकू, बोर्ड गेलाय." लॅपटॉप भंगारात गेला.

आता जरा मागे जाऊ. 1981 च्या आयबीएम पीसीपासून कॉम्प्युटरला जागं करायचं काम बायॉसचं. तो डिस्कचे पहिले 512 बाइट वाचतो आणि तिथला कोड चालवतो. पण सीडीचा एक सेक्टर असतो 2048 बाइटचा, म्हणजे हिशेबच वेगळा. म्हणून 1995 मध्ये फिनिक्स आणि आयबीएमनं 'एल टोरिटो' हा नियम आणला. त्यात सीडीवर एक छोटी यादी ठेवतात: सुरुवात कुठून करायची, ते सांगणारी.

मग इंटेलनं इटानियम प्रोसेसरसाठी ईएफआय बनवलं आणि 2005 पासून ते यूईएफआय म्हणून सगळ्या कंपन्यांचं झालं. याला पहिल्या सेक्टरमधला कोड नको असतो. याला फॅट फॉरमॅटमधली एक फाइल हवी असते: ईएफआय फोल्डरमध्ये बूट फोल्डर आणि त्यात 'बूटएक्स64'.

मग दोन सीड्या करायच्या का? नाही. एल टोरिटोच्या यादीत दोन नोंदी करतात, एक बायॉससाठी आणि एक यूईएफआयसाठी. शिवाय सीडीच्या फाइल सिस्टीममध्ये सुरुवातीचे 32 केबी मोकळे सोडलेले असतात. तिथे हार्डडिस्कसारखा बूट सेक्टर बसवला, की तीच आयएसओ पेनड्राइव्हवरूनही चालते. याला म्हणतात आयसोहायब्रिड.

हे सगळं मला समजलं 2020 मध्ये, लॉकडाऊनमध्ये वेळ होता म्हणून. माझ्या सीडीवर फक्त बायॉसची नोंद होती. काकूंचा लॅपटॉप यूईएफआयवाला, आणि सेटिंगमध्ये जुनी पद्धत बंद. बोर्ड गेला होता की नाही, हे मी तपासलंच नव्हतं. तेव्हा काकूंची मुलगी बारावीचे ऑनलाइन तास मोबाइलच्या एवढ्याशा स्क्रीनवर करत होती.

मी जाऊन काकूंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, आता सांगून काय उपयोग?" बरोबरच होतं त्यांचं.

तेव्हापासून माझ्या पेनड्राइव्हवर दोन्ही नोंदी असलेलीच आयएसओ असते. आणि "मशीन मेलं" म्हणायच्या आधी मी सेटिंग उघडून बघतो. तुम्हीही बघा. भेटू पुढच्या भागात!