क्लिक (पायथन)

क्लिक हे पायथन भाषेत कमांड लाइनवर चालणारी साधने तयार करण्यासाठीचे मुक्तस्रोत पॅकेज आहे. ऑस्ट्रियन प्रोग्रॅमर आर्मिन रोनाखर यांनी ते २०१४ मध्ये प्रसिद्ध केले.

कार्यपद्धती

साध्या फंक्शनवर डेकोरेटर लिहिला की त्या फंक्शनची आज्ञा बनते. आज्ञेचे पर्यायही डेकोरेटरनेच जोडले जातात आणि त्याच माहितीवरून वापरकर्त्यासाठी मदतीचा मजकूर आपोआप तयार होतो. संख्येच्या जागी अक्षरे दिल्यास फंक्शन चालण्यापूर्वीच चूक दाखवली जाते.

वैशिष्ट्ये

पायथनसोबत मिळणारे आर्गपार्स हे मॉड्यूल काही ठिकाणी पर्याय कोणता आणि आर्ग्युमेंट कोणते याचा अंदाज बांधते. त्यामुळे एका आज्ञेत दुसरी आज्ञा गुंफणे अवघड होते. क्लिकमध्ये आज्ञांचे गट हव्या तितक्या पातळ्यांपर्यंत रचता येतात. फ्लास्क या वेब फ्रेमवर्कची कमांड लाइन क्लिकवरच आधारलेली आहे.