माकडतापाचा गोचीड

गोचीड माहीत नाही असं गाव नाशिक जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. बैल धुताना, गाईच्या कानामागं हात फिरवताना तो बोटाला लागतोच. आज सांगायची आहे ती त्याच्या रानातल्या भावंडाची गोष्ट. शास्त्रज्ञ त्याला हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा म्हणतात. नाव बोजड आहे, विसरलात तरी चालेल. गोचीड विसरू नका.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली. त्याच सुमारास आजूबाजूच्या गावांतली माणसं तापानं फणफणली. माकडं आणि माणसं एकदमच आजारी पडतात, तर हा आफ्रिकेतला पीतज्वर तर नाही ना, अशी धास्ती पडली. तपास आला पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राकडे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे. केंद्र १९५२ मध्ये सुरू झालं होतं आणि टेलफर्ड वर्क त्याचे संचालक होते. विषाणू सापडला, पण तो पीतज्वराचा नव्हता. त्याचं नातं निघालं थेट रशियातल्या मेंदूज्वराशी! या कामात प्रयोगशाळेतल्या माणसांनाही लागण झाली.

सैबेरियाचा पाहुणा मलनाडात आला कसा? स्थलांतरित पक्ष्यांबरोबर, असा एक तर्क निघाला. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं सलीम अलींच्या नेतृत्वाखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कड्या घालायला सुरुवात केली, त्यामागं हीच शंका होती. पक्ष्यांविषयी ज्ञान अमाप मिळालं. विषाणू त्यांनी आणल्याचं मात्र सिद्ध झालं नाही.

पुण्याच्या केंद्रात काम केलेले कोलंबियाचे होर्खे बोशेल यांनी वेगळं उत्तर दिलं, आणि मला तेच पटतं. त्यांच्या मते विषाणू रानात आधीपासूनच गुपचूप राहत होता. जंगल तोडून माणूस आत शिरला, त्याच्यामागून गुरं शिरली, आणि घडी विस्कटली. का, ते या गोचिडाच्या आयुष्यात दिसतं. तो तीन वेळा रक्त पितो आणि दर वेळी नवं जनावर शोधतो. सहा पायांचं बारीक पिल्लू उंदीर, चिचुंद्री, पाखरांवर जगतं. मोठा गोचीड पावसाळ्यात गुरांवर चढतो. गुरांना त्या विषाणूचा त्रास होत नाही, पण त्यांच्या रक्तावर गोचिडांची संख्या फोफावते. मधल्या अवस्थेतला, मोहरीएवढा गोचीड कोरड्या दिवसांत माकडाला धरतो, आणि माणसालाही. म्हणून साथ डिसेंबर ते मे या काळात. माकड मेलं की अंगावरचे गोचीड खाली पातेऱ्यात गळतात आणि ती जागा धोक्याची होते. माकड बिचारं आपल्यासारखंच रोगी. नाव मात्र त्याचंच लागलं.

हा गोचीड दक्षिण भारतातल्या जंगलांत दूरवर आढळतो. रोग मात्र कित्येक वर्षं मुख्यतः शिमोगा आणि शेजारच्या जिल्ह्यांपुरता राहिला. मग २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीतलं पाली, २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातलं केर. काजू वेचायला, लाकूडफाटा आणायला गेलेली माणसं तापानं आडवी झाली. एकाएकी चढणारा ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी, काहींना हिरड्यांतून, नाकातून रक्त. शंभरांतले तीन ते पाच रोगी दगावतात. विषाणूवर नेमकं औषध नाही. सुरुवातीला रशियन आजारावरची लस देऊन पाहिली, ती निरुपयोगी ठरली. पुढं या रोगाचीच लस आली. १९९० पासून ती कर्नाटकात दिली गेली, पण तिचा प्रभाव अपुरा पडला आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला.

तेव्हा काजूच्या हंगामात भिस्त उरते ती अंगभर कपड्यांवर, हातापायांना चोळायच्या गोचीडरोधक तेलावर आणि रानातून आल्यावर कढत पाण्याच्या आंघोळीवर. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचं. साथीची पहिली वर्दी बहुतेक वेळा तिथूनच येते.