कामाच्या जागी जुळलेली गाठ

बुऱ्हाणपूरचे रेल्वे स्थानक लालबागमध्ये आहे. इथल्या मराठी घरांच्या कितीतरी सोयरिकी याच फलाटावर सुरू झाल्या. भुसावळकडून पाहुणे उतरायचे, पत्रिका जुळायची, बैठक बसायची. आता एखादी मुलगी होमगार्डमध्ये किंवा अग्निशमन दलात जाते म्हणाली, की घरातले वडीलधारे विचारतात, "चार पुरुषांत वावरणार, मग हिचे जमायचे कसे?" अशा वेळी मला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात.

१९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. पाचही पुरुष, पाचही स्वयंसेवक. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते. आपला निमाड जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि नागपूर ही आपली राजधानी होती. म्हणजे ही गोष्ट तशी आपल्या घरचीच.

तिकडे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून जखमी सैनिकांवर उपचार करीत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, विष भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या समाधीच्या समारंभात कोटणीसांना क्वो छिंगलान प्रथम भेटल्या. त्या वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवत. १९४१ मध्ये कोटणीस बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी दोघांचे लग्न झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

संसार जेमतेम वर्षभराचा. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने कोटणीस गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघरी पोचवले. छिंगलान मात्र २०१२ पर्यंत जगल्या. १९६७ मध्ये तरुण मुलगाही गेला. तरीही त्या भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटत राहिल्या.

ते दोघे तिथे जोडीदार शोधायला गेले नव्हते, जखमींसाठी गेले होते. एरवी माणूस पाहुण्यांसमोर नीटनेटका बसतो. संकटात तो जसा असतो तसा दिसतो. छिंगलानने कोटणीसांना आणि कोटणीसांनी तिला असे पाहिले होते. म्हणून लेकीला अडवण्याआधी वडीलधाऱ्यांनी एवढेच विचारावे, "धोक्याची घंटा वाजल्यावर तुझ्या शेजारी कोण धावतो, आणि तो तुझ्या कामाला मान देतो का?" असा प्रश्न आपल्या बैठकीत कधी कोणी विचारला होता?