डिस्प्लेवरचा ४४,१०० हा आकडा आला कुठून?

आत्ता माझा आवाज तुमच्या फोनमध्ये नुसत्या आकड्यांच्या रूपात आहे. कानाला काही आकडे कळत नाहीत. त्या आकड्यांचा पुन्हा आवाजाचा सिग्नल करणारी चिप म्हणजे डॅक, डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. असा डॅक मी घरी जोडलाय. पण आधी इतिहास.

१९३७ साली अ‍ॅलेक रीव्ह्ज हा इंग्रज इंजिनिअर पॅरिसमध्ये काम करत होता. लांबच्या टेलिफोन लाइनवर आवाजाबरोबर खरखरही वाढत जायची. त्याला वाटलं, आवाजच पाठवायचा कशाला? ठरावीक वेळाने तो मोजायचा आणि मापं पाठवायची! यालाच पुढे पीसीएम म्हणू लागले. कल्पना पक्की होती, पण ती स्वस्तात चालवणारे ट्रान्झिस्टर अजून जन्मालाच आले नव्हते.

मग १९८२ मध्ये जपानात सीडी विकायला आली. सेकंदाला ४४,१०० मापं, प्रत्येक माप १६ बिटचं, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. आता ४४,१०० च का? कारण तेव्हा डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. एका फील्डमध्ये वापरता येणाऱ्या २४५ रेषा, रेषेला ३ मापं, सेकंदाला ६० फील्ड. करा गुणाकार! युरोपच्या पद्धतीत २९४ रेषा आणि ५० फील्ड. उत्तर तेच.

१९८६ मध्ये फिलिप्सने आय-टू-एस ही पद्धत मांडली. एका चिपकडून दुसरीकडे आवाज न्यायला तीन तारा: एकीवर डेटा, दुसरीवर बिटची घड्याळ, तिसरी डावा-उजवा कान सांगणारी. ही तिसरी तार प्रत्येक मापाला एकदा वर-खाली होते. माझ्या डॅकची सगळी गंमत इथेच आहे.

यूएसबीचा बोर्ड, डॅकचा बोर्ड आणि सोबत एक मायक्रोकंट्रोलर. तो आवाजाला हातही लावत नाही. तिसऱ्या तारेवरचे ठोके मोजतो आणि दोन ओळींच्या छोट्या डिस्प्लेवर आकडा दाखवतो. फोन जोडला, ४४,१०० चं गाणं लावलं. डिस्प्लेवर काय आलं? ४८,०००! म्हणजे माझ्यापर्यंत पोचण्याआधीच फोनच्या सिस्टीमने मापं नव्याने काढली होती. बऱ्याच फोनमध्ये असं होतं.

कानाला यात फरक कळेलच असं नाही, आणि कळतो असा दावा मी करणार नाही. पण 'ओरिजिनल क्वालिटी' म्हणून पैसे मोजताना मधे काय बदललं हे आपल्याला दिसायला नको का? बंद डब्यातल्या प्रत्येक डॅकला हे विचारता येतंच असं नाही. घरच्या डॅकला येतं.

म्हणून पहिल्यांदाच बनवणार असाल तर महागडी चिप नंतर घ्या. आधी डिस्प्ले लावा. भेटूया पुढच्या भागात!