सलोतरी आणि नालबंद

नालबंद हे आडनाव मुस्लिम घरांत आजही आढळते. पण नाल ठोकणे हा त्यामागचा अर्धाच हुन्नर. घोडा लंगडू लागला की खुरात खिळा रुतला का, हे नालबंदच आधी पाही. खूर ठोकून-दाबून दुखरी जागा शोधायची, तळ तासून पू वाहता करायचा, जखम वरवर बुजू द्यायची नाही. आत कोंडलेला पू हाडापर्यंत पोचला तर घोडा कायमचा निकामी होई.

उर्दूत घोड्यांच्या वैद्याला सलोतरी म्हणतात. शब्द फारसी वाटतो. पण तो अश्ववैद्यकाचे संस्कृत आचार्य शालिहोत्र यांच्या नावावरून आला. शाहजहानच्या काळात त्यांच्या नावाच्या ग्रंथाचा फारसी तर्जुमा झाला. पुढे सआदत यार खान 'रंगीन' यांनी उर्दूत फरसनामा लिहिला. ज्ञानाने धर्म विचारला नाही.

खिळ्याच्या जखमेतून होणाऱ्या धनुर्वातापुढे मात्र हे हात हरत. १८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी त्यावरचे प्रतिविष शोधले. पुढे ते घोड्याच्याच रक्तातून तयार होऊ लागले आणि माणसेही वाचली.

आपल्या यवतमाळकडे नालबंदाचे हात कापसाच्या गाड्यांच्या बैलांवरही चालले. त्या हातांची माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवू या. नाहीतर आडनाव तेवढे उरेल.