खोकला जात नाही? कारण पोटात असू शकते

लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावात खोकला लागला की घरी आधी काढा नाहीतर जोशांदा होतो, मग मेडिकलवरून बाटली येते. सर्दीचा खोकला बहुतेक वेळा तीन आठवड्यांत जातो. मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, तर तो जुना खोकला. त्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक म्हणजे ॲसिडिटी.

असे का होते?
अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची झडप असते. ती सैल पडली की आम्ल वर येते, नसा चाळवतात आणि ढास लागते. छातीत जळजळ होईलच असे नाही. जेवल्यावर किंवा आडवे झाल्यावर खोकला वाढणे, करपट ढेकर, सकाळी आवाज बसणे या खुणा पाहा.

घरी काय करावे?
- झोपण्याच्या तीन तास आधी जेवा. एकदम पोटभर नको, थोडे थोडे खा.
- बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू 6 ते 8 इंच उंच करा. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडते. डाव्या कुशीवर झोपा.
- तळलेले, तिखट, जादा चहा कमी करा. तंबाखू, खर्रा, बिडी बंद.
- पुदिन्याने झडप आणखी सैल पडते.
- चमचाभर मधाने घसा शांत होतो, पण एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये.
- बीपी असेल तर खायचा सोडा आणि ज्येष्ठमध टाळा.

रमजानमध्ये इफ्तारला भज्यांवर भर देऊ नका. सेहरी हलकी ठेवा आणि लगेच आडवे होऊ नका.

असर दिसायला काही आठवडे लागतात, सब्र ठेवा.

दवाखान्यात कधी जावे?
खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर ‘ॲसिडिटीच असेल’ म्हणून घरी बसू नका. आधी थुंकी तपासा. टीबीची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. थुंकीत रक्त, संध्याकाळी ताप, वजन घटणे, धाप लागणे, घास अडकणे यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी जा. बीपीच्या काही गोळ्यांनीही कोरडा खोकला होतो. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या.